कंडक्टरांचा नव्वद अंशांचा खांदा

“चौतीस वर्षं भरल्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडलीत! भलेभले फुकटे पकडलेत. या पोरीला गुंडाळणं म्हणजे हातचा मळ!” निवृत्त कंडक्टरांनी आरशातल्या स्वतःला ठणकावून सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, लेक सासरी लांब. घरात टीव्ही बोलायचा भरपूर, पण विचारायचा काही नाही.

झालं होतं असं, की त्यांचा उजवा खांदा आखडला आणि फिजिओथेरपीच्या बारा खेपा ठरल्या. आठव्या खेपेला खांदा चक्क बरा झाला, आणि कंडक्टर धास्तावले! कारण ती फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी विचारायची, “काका, झोप लागली का? जेवलात काय काल?” एवढं ऐकायला ते अर्धा तास आधी येऊन बसत.

म्हणून नवव्या खेपेला हात नव्वद अंशांवर अडला.

“आई गं!”

“अहो, काल तर दीडशेपर्यंत जात होता!” तिने कोन मोजायची पट्टी पुन्हा लावली.

“उतरला असेल. वय झालं ना!”

बिचारीने शेक वाढवला, व्यायाम वाढवले, खेपा वाढवल्या. कंडक्टर खूश! पण पोरीच्या जिवाला घोर लागला आणि एके दिवशी तिने मोठ्या डॉक्टरांनाच बोलावून आणलं.

“भूल देऊन खांदा मोकळा करावा लागेल,” डॉक्टर म्हणाले. “सोबत कोण येईल तुमच्या?”

कंडक्टरांना दरदरून घाम फुटला. भुलीची भीती होतीच, पण सोबतीला आणायचं कुणाला?

तेवढ्यात पलीकडे वॉकर घेऊन चालणाऱ्या एका आजींचा तोल गेला. फिजिओथेरपिस्ट ओरडली, “थांबा, थांबा!”

कंडक्टरांचा उजवा हात सटकन सरळ वर गेला आणि तिथे नसलेली घंटीची दोरी त्याने जोरात ओढली. वर तोंडाने “टिंग!” सुद्धा केलं!

आजी सावरल्या. कंडक्टरांचा हात मात्र वरच राहिला. फिजिओथेरपिस्टने येऊन पट्टी लावली. एकशे पंच्याहत्तर.

“काय हे काका! असं का केलंत?”

“बरा झालो, तर इथे कशाला येऊ?” ते खालमानेने म्हणाले. “दिवसभर कुणी बोलत नाही हो माझ्याशी.”

मोठे डॉक्टर खोकले आणि निघून गेले. तिचे डोळे भरून आले, पण तिने कार्डावर लिहिलंच, ‘उपचार पूर्ण’.

कंडक्टरांनी चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि वळले.

“गुडघ्याच्या किती खेपा असतात हो?”

“गुडघा दुखतोय?”

“अजून नाही,” ते घाईने म्हणाले, “पण मी प्रयत्न करतो!”