प्रमिलाकाकूंची बांधाबांध

एप्रिल लागला की प्रमिलाकाकूंच्या अंगणात गाडी उभी करायची सोय नाही. परवा त्यांच्याकडून चहा घेऊन बाहेर आलो, तर माझी मोटारसायकल कडुनिंबाला दाव्याने बांधलेली!

"काकू, ही काय गाय आहे?"

"गाय तरी हंबरते रे बापू. हे मुकी. उडून गेली त सांगीन काय?"

काकू आमच्या शेजारी. शाळेत बाई होत्या, आता रिटायर. काका गेले, मुलगा पुण्याला, घरात त्या एकट्याच. उन्हाळ्यातल्या वादळाला आमच्या पांढुर्ण्यात वावधन म्हणतात. लोक सणाची तयारी करतात, काकू वावधनाची. छपराच्या टिनांवर दगड, टिनांना तार आणि वर जुन्या लुगड्यांचा पीळ. बादल्या, ड्रम, खाट, सगळं बांधायचं. सिमेंटचं तुळशीवृंदावनसुद्धा सुटलं नाही. जामसांवलीहून आणलेल्या हनुमानाच्या फोटोला दोन खिळे जास्त. का, तर "त्याले उडाची सवयच हाये!"

घरात घागरी भरलेल्या, डबाभर चिवडा आणि सतरंज्यांची ही चळत.

"एकट्या बाईले इतक्या सतरंज्या काहून लागते?" समोरचे किराणावाले रामभाऊ हसायचे.

"वारा काय पाहुणा हाये, सांगून याले?" काकूंचं उत्तर ठरलेलं.

मागच्या मे महिन्यात तो भरदुपारी आला, न सांगताच. रामभाऊंच्या घरावरची टिनं पतंगासारखी पलीकडच्या गल्लीत गेली. बाकीच्यांचीही तीच गत. सगळी गल्ली पोराबाळांसकट काकूंच्या घरात शिरली. बाहेर गारा पडत होत्या आणि काकूंचं टिन साधं कुरकुरलंही नाही. मला तर असा अभिमान वाटला, जणू ते मीच बांधलं होतं! चहा झाला, चिवडा झाला, सतरंज्या पुरून उरल्या.

वारा थांबला तशी माणसं उठली. काकू दारात आडव्या आल्या.

"बसा. वारा परतून येते."

रामभाऊंनी बाहेर पाहिलं. तुळशीचं पान हलत नव्हतं. त्यांची टिनं अजून शोधायची होती. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी दुसऱ्या चहाचं आधण केव्हाच ठेवलं होतं. मला गलबलून आलं. एवढी तयारी वाऱ्यासाठी नव्हतीच.

रामभाऊ खाली बसले. "काकू म्हणून राहिल्या, त येईनच. मांडा चहा."

सगळी गल्ली पुन्हा बसली. आमच्या गल्लीचा अभिमान वाटावा, अशी ती घटका होती.

यंदा रामभाऊंनी घरावर चांगला जाड स्लॅब टाकला. तरी ढग दिसले की ते बायकापोरांना घेऊन काकूंच्या दारात हजर.

"काकू, हवा मोठी बेकार दिसून राहिली. आमच्या घराचा काही भरोसा नाही."

"या, या. मी म्हणतच होती," म्हणत काकू सतरंज्या झटकायला घेतात.

स्लॅबचं काकूंना ठाऊक आहे. त्याची रेती त्यांच्याच अंगणात पडली होती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनीच ती झाकून, बांधून ठेवली होती.