विचार करू की बघू?

हातच्याची वजाबाकी जमायला लागल्यापासून लेक सुटलीच होती. चमचे, चपला, बाबाचे केस, जे दिसेल त्यातून वजा! आता हे बाईंना कधी दाखवते असं तिला झालं होतं. पण परीक्षा टॅबलेटवर, घरूनच. शाळेच्या ॲपने आधीच बजावलं, “कॅमेऱ्यात एकच चेहरा असावा.”

आईच्या कडेवरचं तान्हं डोकावलं. “दुसरी व्यक्ती आढळली.” आई त्याला घेऊन दारात सरकली. तरी तेच.

“आता कोण आहे रे?”

“भिंतीवरचे आजोबा असतील,” बाबा फोटो उतरवत म्हणाला. “आयुष्यभर गणितात नापास! ते काय कॉपी पुरवणार, कप्पाळ?”

लेकीने पहिली वजाबाकी वाचली आणि सवयीने छताकडे बघितलं. “नजर स्क्रीनवर ठेवा.” ओठ हलले. “बोलू नका.” बोटं मोजायला हात खाली गेले. “हात दिसू द्या. शेवटची ताकीद.”

“आई, मी विचार करू की बघू?”

आईला तो टॅबलेट खिडकीतून भिरकावावासा वाटला. “बघ, बाळा,” ती म्हणाली आणि स्वतःवरच चिडली.

लेक पुतळ्यासारखी बसून बटणं दाबत राहिली. निकाल लगेच आला. वजाबाकी, शून्य. एकाग्रता, उत्कृष्ट. वर सोनेरी पदक!

“मला येतं गं, आई...” लेकीच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. आईने तिला जवळ घेतलं आणि तिथूनच बाईंना फोन लावला.

“बाई, पोरीनं विचार केला की ती चोर? हे शिकवणं म्हणायचं का?”

पलीकडून बाई हळूच म्हणाल्या, “आमच्या प्रशिक्षणाची परीक्षाही ह्याच ॲपवर झाली हो. मी पंख्याकडे बघितलं, बाद झाले. उद्या पुन्हा द्यायचीय.”

“अगंबाई!”

“इथे ॲपवर दिसतंय, तुमच्या लेकीला एकाग्रतेत पदक! कसं मिळालं? फोन देता जरा तिला?”

लेकीने फ्रॉकला नाक पुसलं. “सांगते बाई. पण आधी मला वजाबाकी घाला. हातच्याची.”

“बरं. बावन्नातून पंधरा गेले?”

लेकीने मान मागे टाकली, मनसोक्त छत न्याहाळलं, बोटं मोजली, पुटपुटली.

“सदतीस!”

“शाब्बास! बरोबर.”

“आता ऐका हं,” लेक म्हणाली. “डोळे उघडे ठेवायचे आणि विचार अजिबात करायचा नाही.”