लंडनचं स्थळ

आमच्या दारव्ह्यात गुणवंतभाऊंनी जुळवलेल्या जोडप्यांची नुसती पंगत बसवायची म्हटली, तरी मंगल कार्यालय पुरणार नाही. पण एवढ्या लग्नांत मुलीची पाठवणी त्यांनी एकदाही पाहिलेली नाही. गाडी फुलांनी सजून दारात आली, बायकांचे पदर डोळ्यांना लागले, की भाऊ गायब! कधी आचाऱ्याबरोबर पातेली मोजत बसतील, कधी जनरेटरवाल्याशी गप्पा मारत. नवरीचा बाप त्यांना शोधत फिरतो आणि भाऊ गाडी गेल्यावरच उगवतात.

भाऊ वीज कार्यालयातले निवृत्त कारकून. लग्नं जुळवणं हा त्यांचा छंद. मोबदला म्हणाल तर एक कप चहा, तोही कमी साखरेचा. त्यांचे नियम मात्र कडक. पहिला नियम चौकशीचा. "घरच्याइले विचारून काय होते? दूधवाल्याले विचारा." दुसरा, मुलीसोबत पाठराखीण जायलाच हवी. नवी मुलगी सासरी रुळेपर्यंत माहेरचं एक माणूस चार दिवस जवळ पाहिजे, यावरून ते वरपक्षाशी भांडलेले आहेत. आणि दूरचं स्थळ बघून मुलीचा बाप कचरला, की ठरलेलं वाक्य: "अंतर कायले पाहता? घर पाहा."

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं, ऋतुजानं, एका संध्याकाळी जाहीर केलं की तिला परदेशात फायनान्सचं मास्टर्स करायचंय आणि इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचंय. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. घरात बाप-लेक दोघंच. मी शेजारी, त्यात इंग्रजीचा मास्तर, म्हणून मलाही बोलावणं आलं.

"बँकेतच बसाचं तं यवतमाळच्या बँका काय वाईट आहे?" भाऊंनी विचारलं.

ऋतुजानं शांतपणे समजावलं. एका कंपनीला दुसरी कंपनी घ्यायची असते. हे बँकर दोघांची पारख करतात, किंमत ठरवतात, दोघांना एका टेबलाशी बसवतात आणि सौदा मोडू न देता पार पाडतात.

भाऊंचा चेहरा उजळला. "हे तं आपलंच काम झालं, पोरी! दोन घरं जुळवाची. आपण फुकट करून राह्यलो, थे पैसे घेते, इतलाच फरक."

तेव्हापासून विद्यापीठांना आमच्या गल्लीत 'स्थळ' म्हणायला लागले. शेवटी दोन उरली, सिंगापूरचं आणि लंडनचं. सिंगापुरात आमच्या जवळच्या दिग्रसचं एक कुटुंब राहत होतं, जेवायखायची सोय होती, विमानही लवकर पोचतं. सगळी गल्ली सिंगापूरच्या बाजूनं. खरं सांगायचं तर भाऊही. ऋतुजाचा ओढा लंडनकडे होता, पण बापाला दुखवून जाणारी ती पोर नव्हे.

लंडनच्या प्रवेश विभागातल्या बाईंशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून बसले आणि लॅपटॉपपुढे पोह्यांची बशी ठेवली. "पाहुणी आहे, मास्तर. खात नसली तरी ठेवा लागते." बाई कौतुकानं ज्यांना मोठमोठ्या बँकांत नोकऱ्या लागल्या त्यांची नावं सांगत होत्या. भाऊंनी मला कोपरानं ढोसलं. "लागली त्याइचं राहू द्या. ज्याले नाही लागली, त्याचा नंबर मागा."

मी घाम पुसत भाषांतर केलं. बाई मनापासून हसल्या. नंबर देता येणार नाही म्हणाल्या, पण जुने विद्यार्थी इंटरनेटवर सापडतील, त्यांना जरूर विचारा, म्हणाल्या.

ऋतुजानं दोन्हीकडची नोकरी न लागलेली पोरं शोधून काढली. भाऊंचे दूधवाले! सिंगापूरच्या मुलानं सांगितलं, शिकवतात चांगलं, पण या कामासाठी मुलाखती घ्यायला बँकांची माणसं आमच्याकडे येतच नाहीत. लंडनचा मुलगा म्हणाला, माणसं येतात, चूक माझी. वर्ग सुरू व्हायच्या आधीच अर्ज करावे लागतात, मी उशीर केला. तू इथे यायच्या आधीच तयारीला लाग.

हे ऐकताना भाऊ नाश्त्याच्या पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते. मग म्हणाले, "ज्याचं जमलं नाही, थो बी घराले नाव ठेवत नाही. घर चांगलं आहे. लंडनच."

"बाबा, लय दूर आहे," ऋतुजाच म्हणाली.

"अंतर कायले पाहतं? घर पाह्य." आवाज नेहमीसारखा नव्हता. पण माणूस आपल्या शब्दाला जागला. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

जायच्या दिवशी दोन गाड्या भरून आम्ही नागपूरच्या विमानतळावर गेलो. तिथून मुंबई, मग लंडन. दारात ऋतुजा सगळ्यांच्या पाया पडली आणि वळून बघते तर भाऊ गायब. तिचे डोळे भरले. मला भाऊंचा भयंकर राग आला. आज तरी? मी चहाच्या दुकानापर्यंत शोधून आलो.

तेवढ्यात काचेपलीकडून कोणीतरी हात हलवला. भाऊ आत उभे होते! एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुंबईचं तिकीट. जन्मात पहिल्यांदा विमानात बसायला निघाले होते. ऋतुजा धावत आत गेली, तेव्हा म्हणाले, "पाठराखीण नको काय? मुंबईपर्यंत तं येऊ दे."

परत ते रेल्वेनं आले. मुंबईत काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

परवा गल्लीत एक लग्न झालं. मुलगी पार पुण्याला दिलेली. गाडी निघाली, तरी भाऊ जागचे हलले नाहीत. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मांडवाच्या दाराशी मुलीचा बाप एकटाच राहिला होता. भाऊ त्याच्याजवळ गेले. आता नेहमीचं वाक्य येणार, मला वाटलं.

भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लय दूर वाटते ना, भाऊ?" ते म्हणाले. "मले बी वाटते. चाला, चहा घेऊ."