नमुन्याबरहुकूम अर्धी भाकरी

मी आता जे सांगणार आहे, त्यावर भोसरी एमआयडीसीतलं कुत्रंसुद्धा विश्वास ठेवणार नाही! लावा पैज. पण मी, ज्योतीराम नाना, राहणार दिघी, एकोणचाळीस वर्षं क्वालिटी खात्यात काढलेला माणूस, खोटं कशाला बोलू? माझी नजर म्हणजे मायक्रोमीटर! एकदा एका जपानी साहेबाच्या मिशीतला एक केस बाकीच्यांपेक्षा दोन मायक्रॉन जाड आहे, असं मी दहा फुटांवरून सांगितलं. मोजला, तर खरंच! साहेबानं तिथल्या तिथं मिशी काढून टाकली.

काल दुपारी हेच मी गोजाबाईच्या चहाच्या टपरीवर सांगत होतो. गोजाबाई मूळची बीडकडची. तिचा चहा कडक आणि जीभ त्याहून कडक. बाकावर शेजारी नवनाथ बसला होता. नवनाथ म्हणजे आमच्या सोपानरावांच्या कारखान्यातला टूलरूमवाला, साचे घडवणारा. बिचाऱ्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मांडीवर पिशवी, पिशवीत काहीतरी जड.

"नाना, आज डबा नवाकोरा दिसतोय," गोजाबाई म्हणाली.

"माझ्या डब्याचं सोड," मी भाकरीचा एक मोठा घास दातानं तोडत म्हणालो. "सोपानरावांच्या डब्याचं ऐक!"

तिनं माझ्या चटणीला बोट लावून चाटलं. "अगंबाई! अंबूबाईंचा लसूण म्हंजी नाकातून धूर!"

अंबूबाई म्हणजे आमची सौभाग्यवती. असो. मी सुरुवात केली.

आमचे सोपानराव जुने गाववाले. शेतात कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनीही एक शेड टाकली, प्रेस मशीन बसवलं आणि स्टीलचे जेवणाचे डबे काढायला लागले. अख्ख्या भोसरीत दुपारी बाराला जे झाकण उघडतं ते त्यांचं! माझ्याकडेही तोच डबा. पण माल पिंपरीच्या पलीकडे जाईना. मग त्यांची सून दिव्या चाकणची चांगली नोकरी सोडून कारखान्यात आली. पोरीनं सहा महिने मेल लिहून लिहून आफ्रिकेतला एक व्यापारी गाठला. त्याला शाळेतल्या पोरांसाठी डबे हवे होते. चाळीस हजार!

अट एकच. प्रयोगशाळेतून डबा तपासून घ्या, रिपोर्ट थेट मला येऊ द्या.

सोपानराव भडकले. "आमच्या डब्यात चार पिढ्या जेवल्या! तपासायचं काय त्यात?"

"मामंजी, कारखाना अकरा वर्षांचा आहे. चार पिढ्या कुठून आल्या?" दिव्या म्हणाली. "आणि तिकडे आपल्याला कोण ओळखतं? तिथं आपला शब्द चालत नाही, कागद चालतो. कागद मिळाला ना, तर भोसरीचा डबा आणि जर्मनीचा डबा एकाच फळीवर! नाही मिळाला, तर पुढच्या महिन्यापासून प्रेस बंद. पॅकिंगच्या वीस बायकांना मी काय सांगू?"

तेव्हा मी मध्ये पडलो. रिटायर झालो असलो तरी सल्लागार होतो, म्हणजे बोलावलं नाही तरी जायचो. म्हटलं, "सोपानराव, दर्जा म्हणजे चांगलं नव्हे. चांगलं एखादे दिवशी कुणीही करतं. दर्जा म्हणजे पहिला नग आणि चाळीस हजारावा नग तंतोतंत सारखा! दर वेळी तेच! नमुना मी नेतो."

"नाना, नक्की?" दिव्यानं विचारलं.

"पोरी, मी जपानी मिशी..."

"माहीत आहे. घेऊन जा."

तो दिवस एकादशीचा. सोपानरावांच्या घरी सगळ्यांचा उपास. त्यांच्या मंडळी विमलबाई माहेरच्या देहूच्या, गळ्यात तुळशीची माळ, उपासाच्या बाबतीत मिलिटरी! मला साबुदाण्याची खिचडी दिली. मी खाल्ली, पण खिचडीनं कुणाचं पोट भरतं? निघताना विमलबाईंनी नमुन्याचा डबा हातात घेतला आणि दचकल्या.

"अगो बया! रिकामा? रिकामं भांडं परक्याच्या दारात धाडत्यात व्हय?"

"वहिनी, तपासायला चाललाय, जेवायला नव्हे," मी म्हणालो.

"आसंल. पर माझ्या घरातनं रिकामं भांडं जायचं न्हाई!"

त्या डबा घेऊन आत गेल्या आणि झाकण लावूनच बाहेर आल्या. मी तो माझ्या पिशवीत टाकला आणि प्रयोगशाळा गाठली.

तिथं खिडकीशी दीपमाला मॅडम. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "वस्तू धातूची की खाद्यपदार्थ? एकावर खूण करा."

आता डबा धातूचा. पण आत खाद्यपदार्थ जाणार. मी पाच मिनिटं विचार केला, मग दोन्हींवर खूण केली. मॅडम म्हणाल्या, "एकच." मी डोळे मिटून बोट ठेवलं. बोट खाद्यपदार्थावर पडलं. नंबर यायला दोन तास लागले. नंबर पुकारल्यावर मी धावत डबा दिला आणि मोहीम फत्ते!

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला, एक व्यापाऱ्याकडे, एक आमच्याकडे. दिव्यानं तो तीनदा वाचला, उलटा करून वाचला, मग मला बोलावलं.

"नाना, आपण तपासायला काय दिलं होतं?"

"डबा."

"मग डब्यात मीठ चार टक्के कसं?"

मी रिपोर्ट हातात घेतला. लसूण, शेंगदाणे, लाल मिरची! बुरशीचं विष नाही, मिरचीत खोटा रंग नाही. शाबासकीच शाबासकी! आणि खाली लिहिलेलं, "सोबत ज्वारीची भाकरी, अर्धी. एका कडेला अर्धगोल काप, कापाच्या मध्यभागी छोटं टोक. फोटो व मापं जोडली आहेत." आणि सगळ्यात शेवटी शिक्का, पास!

"हे आत कसं गेलं?" दिव्यानं विचारलं.

मी हळूच म्हणालो, "तुझ्या सासूबाईंना विचार. रिकामं भांडं धाडायचं नाही म्हणाल्या होत्या."

विमलबाईंचा चेहरा उतरला. "आवं, मी चिमूटभर साखर घातल्याचं ध्यानात हाय माझ्या."

"वहिनी, वय झालं आता," मी म्हणालो. "होतं असं."

त्यानंतर त्या माऊलीनं गोंधळून जाऊन दोन एकादश्या जास्तीच्या धरल्या.

दिव्यानं व्यापाऱ्याला मेल केला, "डब्यातलं तुम्हाला हवं आहे का?" त्याचं उत्तर आलं, "रिपोर्ट उत्तम. जे पास झालं तेच पाठवा. नमुन्यात आणि मालात फरक आढळला तर माल परत."

आता याचा अर्थ काय? दिव्या म्हणाली, त्याला नुसता डबा हवाय. सोपानराव म्हणाले, त्याला चटणी हवीय. मी म्हणालो, कागदावर आहे ते सगळं हवंय! क्वालिटीत माणसाला काय हवंय ते विचारत नाहीत, कागद काय म्हणतो ते बघतात. खरं सांगून टाकावं, तर 'काय तपासायला दिलं हेच यांना ठाऊक नाही' असं म्हणून तो ऑर्डरच रद्द करायचा. नवा नमुना द्यावा, तर पुन्हा बारा दिवस, आणि जहाज सुटायला उरलेले वीस; मग माल काढायचा कधी? शेवटी ठरलं, नमुन्याबरहुकूम माल! प्रत्येक डब्यात चटणी आणि अर्धी भाकरी!

मग काय विचारता मंडळी! प्रेस मशीनच्या बाजूला चुली पेटल्या. पॅकिंगच्या वीस बायका भाकऱ्या थापायला बसल्या. थापण्याचा आवाज थेट आळंदीपर्यंत! दिव्यानं व्हर्नियर कॅलिपरनं भाकरीची जाडी मोजली. विमलबाई मीठ मुठीनं घालायच्या, म्हणून त्यांची मूठ मोजली आणि मनगटावर स्टिकर लावला, "कॅलिब्रेशन झाले. पुढील तारीख मार्च."

"माझी मूठ लग्नापासनं चुकली न्हाई!" विमलबाई म्हणाल्या. "आन् आता मार्चपातुर व्हय?"

पण गंमत बघा, चटणी काही जुळेना! अकरा वेळा केली. मीठ जुळलं तर लसूण कमी. लसूण वाढवला तर तिखट जास्त. बाई रडकुंडीला आल्या. "माझीच चटणी मला जमंना, म्हंजी काय म्हणावं?"

भाकरीचं त्याहून वाईट. तो अर्धगोल काप! हातानं तोडली की कड वाकडी. मग फोटोवरून मापं घेऊन या नवनाथानं पोलादाची डाय, म्हणजे कापायचा साचा, बनवली. भाकरी ठेवायची, खटका ओढायचा, खट्‌! पण मधलं ते छोटं टोक काही केल्या येईना. चार वेळा घासली डाय यानं.

"पाच," नवनाथ पहिल्यांदाच बोलला. "आत्ता सहाव्यांदा घासून आणलीय."

"त्या टोकाचं कारण मी तेव्हाच ओळखलं," मी म्हणालो. "प्रयोगशाळेच्या कातरीला खाच पडलेली असणार! आता आठ दिवस उरलेत. पण माझ्या देखरेखीखाली चाळीस हजार डबे जाणार आणि एकही परत येणार नाही!"

मी भाकरी डब्याच्या झाकणावर ठेवली आणि चहाचा घोट घेतला. टाळीची वाट बघत होतो. गोजाबाई मात्र फडकं हातात धरून उभीच.

"नाना, एक इचारू?"

"विचार की!"

"त्या दिशी एकादशी व्हती म्हणलात."

"होती."

"आन् देहूच्या माळकरी बाईनं एकादशीला लसूण ठेचला? भाकरी थापली?"

मला ठसका लागला. "अगं, वय झालं त्यांचं..."

"आन् दोन तास नंबराची वाट बघितली, तवा तुमी काय खाल्लं? तुमी तर खिचडीनं पोट भरत न्हाई म्हणता."

"मी... वारा खाल्ला!"

नवनाथ माझ्या झाकणाकडे टक लावून बघत होता. तिथं माझी अर्धी भाकरी पडली होती. कडेला चावा. चाव्याच्या मध्यभागी छोटंसं टोक.

त्यानं मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ओठ मिटले, पण उशीर झाला होता. माझा समोरचा एक दात गेल्या दिवाळीत चिवड्यात गेला, हे अख्ख्या भोसरीला ठाऊक आहे.

"नाना, जरा भाकरी द्या बरं," नवनाथ म्हणाला. आवाज थंड. त्यानं पिशवीतून डाय काढली, भाकरी उचलली आणि डाय माझ्या चाव्यावर अलगद टेकवली.

अर्धगोल बसला. टोक बसलं. केसाएवढी फट नाही!

"म्हणून हा डबा नवा!" गोजाबाई ओरडली. "नमुन्याचा डबा हाय ह्यो! ह्यांनी त्यांचा खाल्लेला डबा खिडकीत दिला आन् खापर फोडलं गरीब बाईवर! अंबूबाईंची चटणी विमलबाईंना सात जन्मात जुळंल व्हय?" असं म्हणत तिनं फोन कानाला लावलासुद्धा. "दिव्याताई, चुली विझवा. त्या आफ्रिकावाल्याला लिवा, तपासला तो आमच्या म्हाताऱ्याचा जेवणाचा डबा व्हता. नवा डबा आत्ताच खिडकीत द्या, वीस दिसातले आठ उरलेत, हातापाया पडून लौकर करून घ्या. आन् सासूबाईंना आदी जेवायला वाढा!"

मी उठायला लागलो. नवनाथानं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. सहा वेळा डाय घासलेला हात तो, जड असतो.

"घाबरता कशाला, नाना," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं, पहिला नग आणि आजचा नग तंतोतंत सारखा. दर वेळी तेच." त्यानं डाय पुन्हा एकदा चाव्यावर टेकवून बघितली. "आपल्या कारखान्यात तेवढी एकच गोष्ट पास झाली. तुमचा चावा!"