फरशीऐवजी जीप

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा सरकारजवळ शत्रू उरले नाहीत, पण गाड्या उरल्या. त्या कामठीच्या छावणीत रांगेने उभ्या करून लिलावात काढण्यात आल्या. त्याच सुमारास अमरावतीच्या ग्रामोन्नती मंडळापुढे बोरखेडीच्या नाल्याचा विषय निर्णयासाठी आला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो मंडळाने जोडला.

बोरखेडी हे वलगावच्या पलीकडचे माळ्यांचे गाव. वांगी, भेंडी आणि झेंडू पिकवून बैलगाडीने अमरावतीच्या बाजारात न्यायचे, हा गावाचा धंदा. गाव आणि वलगावची सडक यांच्या मधोमध एक नाला आहे. उन्हाळ्यात तो कोणाच्या ध्यानातही येत नाही आणि पावसाळ्यात दुसरे काही ध्यानात राहत नाही. आदल्या पावसाळ्यात देवीदास माळ्याची बायको शकुन बाळंतपणात अडली. वलगावची सुईण एका काठावर उभी, शकुन दुसऱ्या काठावर खाटेवर, आणि मध्ये पूर. पाणी उतरेपर्यंत मूल गेले. आता शकुनला पुन्हा दिवस गेले होते, भाद्रपदात मोकळी व्हायची होती, म्हणून देवीदासने मंडळाला हात जोडून विनंती केली की, त्याआधी नाल्याच्या पात्रात एक पक्की दगडी फरशी टाकून द्यावी. पूर थोडा ओसरला की फरशीवरून गाडी तरी निघते.

मंडळाचे हृदय द्रवले. मंडळ म्हणजे अमरावतीतले वकील, मास्तर, एक वैद्य आणि अंबादेवीच्या परिसरातले दोन उपाध्ये. सगळे शिकलेले आणि कळवळ्याचे. फरशी मंजूर झाली. दगडसुद्धा पाहून ठेवला.

मग अध्यक्ष हरिहरपंत वकील कामठीला गेले. मंडळाच्या कचेरीवर घालायला लष्कराचे जुने पत्रे स्वस्तात मिळतात का, एवढेच त्यांना पाहायचे होते. तिथे त्यांनी जीप पाहिली. हरिहरपंत पत्रे न घेताच परतले आणि त्यांनी तातडीची सभा बोलावली.

सभेत त्यांनी जीपचा इतिहास सांगितला. अमेरिकेच्या फौजेला हलकी, काटक, चारही चाकांना जोर लागणारी, पुढची काच आडवी पाडता येणारी गाडी कशी हवी होती, त्यासाठी कारखान्यांमध्ये कशी चुरस लागली, आणि विलीज कंपनीच्या इंजिनाने बाकीच्यांच्या तोंडचे पाणी कसे पळवले, हे ऐकताना उपाध्यांचे संध्येकडे लक्ष राहिले नाही. आफ्रिकेची वाळू, इटलीचे डोंगर, ब्रह्मदेशाचा चिखल, कुठेही ती अडली नाही. तिला ‘जीप’ का म्हणतात याबद्दल मात्र जगात एकमत नव्हते, आणि मंडळात तर प्रत्येक सभासदाचे वेगळे मत होते. त्यात बराच वेळ गेला.

“फरशी बांधली तर ती किती नाल्यांवर होईल?” हरिहरपंतांनी शेवटी मुद्द्याला हात घातला.

“एका,” चिटणीस उद्धवराव म्हणाले. हे निवृत्त हेडमास्तर. बरोबर उत्तर द्यायची त्यांची सवय सुटली नव्हती.

“आणि जीप किती नाल्यांतून जाईल?”

“सगळ्या.”

“मग गरिबांचा पैसा एका नाल्यात का घालायचा?”

वामनराव नावाचे एक सभासद हळूच म्हणाले, “पण जीप नाल्यातून गेली तरी बोरखेडीची माणसं कशी जाणार?” हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याचे त्यांच्या निदर्शनास आणून देण्यात आले. मंजूर रक्कम फरशीखेरीज कशावर खर्चता येत नव्हती, पण ती अडचण उद्धवरावांनी सोडवली. ठराव झाला की, एका जागी पडून राहणाऱ्या फरशीऐवजी मंडळाने सर्वत्र संचार करणारी फरशी घ्यावी. मंडळाच्या दप्तरी जीपची नोंद ‘फिरती फरशी, नग एक’ अशी झाली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली.

फिरती फरशी अमरावतीत आली त्या दिवशी अर्धे शहर कॅम्प भागात लोटले. चाकांखाली लिंबे चिरडून, हार घालून तिला अंबादेवीपुढे उभे केले. गाडीला दारे नव्हती, कारण लढाईत तिच्यातून पटकन उडी मारावी लागे. मंडळात तशी घाई कोणालाच नसल्यामुळे दारे बसवण्यात आली. ऊन लागते म्हणून छप्पर आले. अध्यक्षांच्या पत्नी चारुशीलाबाईंनी भरतकामाचे पडदे दिले. ड्रायव्हर शालिकराम ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जीप चालवून आलो असे सांगे. आघाडीवर नेमके काय केले असे विचारले की तो गाडी पुसायला लागे.

जीपचा गुण अंगात उतरतो, हेही लवकरच दिसून आले. टांग्यात चढताना दोघांचा आधार घेणारे हरिहरपंत आता नवे दार उघडे टाकून एक पाय बाहेर ठेवून बसू लागले. वकीलमंडळींनी खाकी कापड शिवायला टाकले. घरापासून कोर्टापर्यंतच्या गुळगुळीत सडकेवर हरिहरपंत शालिकरामला चारही चाकांचा गिअर टाकायला लावत, कारण सवय राहिली पाहिजे. वाळू, डोंगर आणि चिखल सोडले तर जीप सगळीकडे गेली. देवीदास मधूनमधून चौकशीला येई. त्याला जीप दाखवून परत पाठवत.

एकदा त्याची आई गंगूबाई वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन थेट कचेरीत आली. तिने जीपला एक फेरी मारली.

“गाडी पायली बाप्पा. आता फरशी कुठी हाय?”

“आजी, हीच फरशी,” उद्धवराव समजुतीने म्हणाले.

“हे? याच्यावरून बैलगाडी कशी नेऊ?”

उद्धवरावांनी तिच्याकडे कीव येऊन पाहिले आणि सगळी वांगी घेतली.

असेच चालले असते, पण अकोला आडवे आले. अकोल्यातही असेच एक मंडळ होते आणि त्यानेही जीप घेतली होती. एका रविवारी अकोल्याच्या अध्यक्षांनी, मोर्णा नदीवर पूल असताना, मुद्दाम पाण्यात गाडी घालून जुने शहर गाठले. काठावर बायकांनी आरत्या धरल्या म्हणे. ही बातमी अमरावतीला पोचली आणि हरिहरपंतांना जेवण गोड लागेना. अमरावतीच्या जीपलाही काहीतरी ओलांडणे भाग होते. तेव्हा सगळ्यांना बोरखेडीच्या नाल्याची आठवण झाली.

नाल्याच्या पाहणीचा दिवस पोळ्याचा ठरला. सुटी असल्यामुळे मंडळाच्या कामात खोळंबा होणार नव्हता. इकडे बोरखेडीत बैलांना न्हाऊमाखू घालून, शिंगे रंगवून, झुली पांघरून तोरणाखाली आणायची गडबड चालली होती. तेवढ्यात नाल्याच्या पल्याड भोंगा वाजला आणि बैलांसकट सगळे गाव नाल्याकडे वळले.

पाणी फार नव्हते. पण वऱ्हाडची काळी माती श्रावणात कशी होते, हे इटलीच्या डोंगरांना ठाऊक नाही. जीप रुबाबात उतरली, पात्राच्या मध्यावर आली, चारही चाकांनी जोर लावला आणि ज्या चाकाने जेवढा जोर लावला ते तेवढे खाली गेले. शालिकरामने आणखी जोर लावला. चारुशीलाबाईंच्या पडद्यांना पाणी लागले तेव्हा हरिहरपंत बॉनेटवर चढून उभे राहिले.

“पाटील, बैल लावा!” ते ओरडले.

महादेवराव पाटील काठावर फेटा बांधून उभे होते. त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. “बैल नाई देता येत, सायेब. आज पोळा हाय. आज बैलाच्या मानेवर जू ठेवत नसतेत, पाप लागते.”

“अहो, मग गाडी निघायची कशी?”

“मानसं हायेत ना!” पाटील उत्साहाने म्हणाले. “मानसाले काई पोळा नसते.”

बैलांसाठी आणलेले नवे दोर जीपला बांधले. नव्या धोतरातली माणसे चिखलात उतरली. सगळ्यांच्या पुढे देवीदास होता. गंगूबाईने त्याला वरून हाक मारली, “काहून रे, तू काहून उतरून राहिला?”

“सायेबानं आतून नाला पायला पायजे ना माय! पायला म्हंजे फरशी होईन!”

माणसांनी दोर खांद्यावर घेतले. काठावर बैल, रंगवलेली शिंगे आणि गळ्यात घुंगरांच्या माळा घेऊन, मान हलवीत उभे राहिले. हरिहरपंत बॉनेटवरून उतरून पुन्हा आत बसले आणि एक पाय बाहेर ठेवला. जीप चिखलातून निघाली, गावाच्या काठाला लागली, आणि जो आरडाओरडा झाला तो मोर्णेच्या काठावर झाला नसेल. बायकांनी बैलांसाठी आणलेली आरती आधी जीपला ओवाळली. पाटलीणबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू लावले आणि पुरणपोळीचा पहिला घास इंजिनासमोर धरला. बैलांना नंतर मिळाला.

जीपमधून सोबत आलेल्या उद्धवरावांनी तिथेच पाहणीचा मसुदा केला आणि मोठ्याने वाचला. ‘मंडळाचे वाहन पावसाळ्यात, चालू स्थितीत, नाला पार करून बोरखेडीस पोचले. सबब सदर नाला वाहतुकीस अडथळा करतो हे म्हणणे सिद्ध होत नाही. सबब फरशीची आवश्यकता नाही.’

“पन सायेब,” देवीदास चिखल पुसत म्हणाला, “गाडी तं आमी ओढली.”

“इंजिन बंद होतं का?”

“नाई, चालूच होतं. घर्र घर्र करून राहिलं होतं.”

“मग चालू स्थितीत लिहिलं त्यात खोटं काय?”

देवीदास पुन्हा चिखल पुसू लागला. तसे गावातल्या चार शहाण्यांनाही हे खटकले. पण माणसांनी ओढली असे लिहिले तर अमरावतीची जीप चिखलात फसली असे होणार, आणि अकोलेवाले हसणार. शिवाय सही करणाऱ्याला जीपमधून मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मिळणार होती. पाटलांनी पहिली सही केली. मग रांग लागली. जाताना जीप पुन्हा ओढावी लागली, पण तेव्हा कोणाला सांगावेही लागले नाही.

भाद्रपदात पावसाने झड लावली. शकुनचे दिवस भरत आले, तसा देवीदास घाबरा होऊन अमरावतीला गेला. जीप दोन-चार दिवस वलगावच्या काठाशी उभी ठेवा, एवढेच त्याचे मागणे होते. बाईला कसेही नाल्यापार आणले, की पुढे इस्पितळापर्यंत तरी नेता येईल.

“जीप अकोल्याला गेली आहे,” उद्धवराव म्हणाले. “मोर्णेत दोन्ही मंडळांची शर्यत आहे. परत आली की विचार करू.”

“अन् तवरीक बाईले कळा सुटल्या तं?”

“देवीदास, त्या गाडीनं जर्मनी जिंकली. तुझं बाळंतपण म्हणजे काय मोठी गोष्ट!”

तो परतला त्याच दिवशी दुपारी शकुनला कळा लागल्या. तोवर नाला दोन्ही काठ धरून वाहू लागला होता. गावकऱ्यांनी पोळ्याचेच दोर काढले, खाटेला बांधले, एकाने पोहत जाऊन वलगावच्या काठावरच्या बाभळीला अडकवले आणि खाट डोक्यावर धरून पाण्यात उतरले. ज्या खांद्यांवर दोराचे वळ अजून होते तेच खांदे पुन्हा कामी आले. पाणी गळ्यापर्यंत होते. गंगूबाई काठावरून एकेकाचे नाव घेऊन शिव्या देत होती, म्हणजे कोणी हात सोडणार नाही. शकुन ओठ चावून आभाळाकडे पाहत होती. वलगावात सुईणीच्या ओसरीवर पोहोचताच ती मोकळी झाली. मुलगी झाली आणि ती रडली. बाहेर चिखलात बसलेली माणसेही मग रडली.

ही हकिगत मंडळाच्या कानी गेली. उद्धवरावांनी शेरा मारला, ‘अवघडलेली स्त्रीसुद्धा भर पुरात सुखरूप नाला पार करते, यावरून फरशी अनावश्यक असल्याचे दुसऱ्यांदा सिद्ध होते.’ हरिहरपंत मात्र मनाने मोठे. त्यांनी बाळबाळंतिणीला अमरावतीस बोलावले, जीपमध्ये बसवले आणि सबंध कॅम्पातून मिरवले. देवीदास शालिकरामच्या शेजारी बसला होता. फरशीबद्दल खडसावून विचारायचे, असे तो वाटभर घोकत आला होता. फोटोग्राफरने काळ्या कापडाखाली डोके घातले तेव्हा देवीदासनेही एक पाय बाहेर ठेवला.

घरी आल्यावर गंगूबाईने विचारले, “फरशीचं बोल्ला का?”

“बोलनारच होतो माय,” देवीदास म्हणाला. “पन गाडी इतकी बेस चालून राहिली होती, का बोलताच नाई आलं.”

गंगूबाईने नातीला मांडीवर घेतले आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. तो फोटो मंडळाच्या कचेरीत लागला. त्यात जीप आहे, हरिहरपंत आहेत, हसरा देवीदास आहे. नाला नाही.

वाचक, तुम्ही या माणसांना हसलात हे योग्यच झाले. तुमच्या दाराशीही त्या जीपच्या कुळातली, तिच्यासारखाच तोरा मिरवणारी एक उंच गाडी उभी आहे. डोंगर चढतानाची तिची जाहिरात पाहूनच तुम्ही ती घेतलीत. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी फुटून आता किती पावसाळे झाले, आठवते का? नसेल आठवत. तुमची गाडी तिच्यावरून अलगद जाते, म्हणून तुम्ही कधी तक्रार केली नाही. काल संध्याकाळी तुम्ही तिथून गेलात तेव्हा कडेला एक बाई लेकरू कडेवर घेऊन, पाय कुठे टाकावा ते पाहत उभी होती. तुम्ही भोंगा वाजवलात, आणि ती बाजूला झाली.