हाफ तिकीट पापलेट

मांडवीतले आमचे शेजारी जाधवकाका मासळीबाजारात जाताना एकवेळ पिशवी विसरतील, पण फूटपट्टी विसरायचे नाहीत. टोपलीतला बांगडा उचलायचा, पट्टीला लावायचा आणि विकणारीला विचारायचं, "हाफ तिकीट एकटं कसं सोडलंत? याची आई कुठाय?"

काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळी नोकरी लांज्याच्या आणि जयगडच्या गाड्यांत गेली. आईबाप पोराचं वय कधी खरं सांगत नाहीत, म्हणून काका वय विचारतच नसत. पोराला सीटच्या मागे उभं करायचं, डोकं दांड्याच्या वर आलं की फुल. आता तोच न्याय माशांना. सुरमई गाबोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली, निघाली तर अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडतात, "अरे, पोटुशी बाई आहे, बसायला जागा द्या!" गाबोळीवर जीव असलेले आम्ही लोक मग मान खाली घालून पुढच्या टोपलीकडे सरकतो.

समुद्रातले मासे का आटले, हे कुणी विचारायचा अवकाश. नाही विचारलं तरी सांगतातच.

"पाणी तापलं समुद्राचं. बांगडा काय खुळा आहे? आपला थांबा सोडून परस्पर गार पाण्यात उतरतो. खाडीत गटारं सोडलीत, तिथं पिल्लं वाढणार कशी? त्यात हे बोटवाले रात्री दिवे लावून माशांना बोलावणार, आणि जाळ्याचे डोळे एवढे बारीक, की अंगठ्याएवढं पोरसुद्धा सुटत नाही. जरा वाढू द्या रे त्यांना! मोठं झालं की परत येतं."

यावर आमची नेहमीची मासेवाली जुबेदाभाभी शांतपणे म्हणते, "काका, घेणार काय? नायतर गाडी पुढं घ्या."

काकू गेल्यापासून घरात हे ऐकायला कुणी नाही, म्हणून सगळा साठा बाजारात आणि माझ्यावर रिकामा होतो. मीही कधीकधी त्यांना लांबून बघून गल्ली बदलतो, खोटं कशाला बोला!

गेल्या वर्षी मे महिन्यात मुंबईहून मुलगा प्रशांत, सून आणि नात सई आली. नेमकी बाजारात सगळी पिल्लावळ. काकांनी तत्त्व सोडलं नाही, घरी रोज अंड्याची आमटी. निघताना प्रशांत वैतागला. "बाबा, अंडीच खायची तर कोकणात कशाला यायचं? पुढच्या वर्षी सरळ गोव्याला जातो." काका हसले खरे, पण त्या वाक्यानं त्यांना वर्षभर जेवण गोड लागू दिलं नाही. सई येईल की नाही, एवढा एकच घोर.

यंदा ती मंडळी आली. सकाळी बाजारात काका माझ्या पुढेच होते. जुबेदाभाभीच्या टोपलीत पापलेट होती, पण तळहातात मावतील एवढी. काकांनी खिशातून पट्टी काढली. जुबेदाभाभी भांडायला पदर खोचून तयार. काकांनी टोपलीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि ती न लावताच परत खिशात घातली.

"दे सगळी," ते पुटपुटले. "आज लाइनवर चेकर नाही."

जुबेदाभाभी भांडायचं विसरून गेली. मला पाहताच काकांनी पिशवी पाठीमागे लपवली.

दुपारी त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. सईनं काटे चोखून पापलेट खाल्ली. प्रशांत खूश. काकांनी मात्र "पोट जरा बिघडलंय" म्हणत वरणभातावर भागवलं.

जेवल्यावर त्यांनी सईला दाराच्या चौकटीशी उभं केलं. तिथं पेन्सिलीची रेघ आहे, बरोबर सीटच्या दांड्याएवढ्या उंचीवर. गेल्या वर्षी सईचं डोकं रेघेखाली होतं. यंदा वर गेलं.

"फुल तिकीट!" सई नाचत आत पळाली. काका बाहेर ओटीवर येऊन बसले.

"काय झालं, काका?"

"हाफ तिकिटाला आईबाप घेऊन येतात. फुल झालं, की कुठं उतरायचं ते आपलं आपण ठरवतं."

मला फार वाईट वाटलं. धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "तुम्हीच सांगता ना, मोठं झालं की परत येतं!"

काका फूटपट्टी पुसत राहिले.

"ते मी माशांचं म्हणालो होतो," ते म्हणाले.