खासदारांना दोनच फेऱ्या

भरलेल्या एसटीत एखादा माणूस दांडीला धरून उभा आहे आणि समोर बसलेल्याला वाकून अगदी अदबीनं विचारतोय, "माफ करा, आपण संसदेत असता का?" असं दृश्य तुम्ही पाहिलंय? मी आठवड्यातून दोनदा पाहायचे. विचारणारे गृहस्थ म्हणजे माझे शेजारी साळवेकाका.

मी जाफराबादला राहते आणि जालन्याच्या एका शाळेत शिकवते. काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. जालन्याला त्यांचं काही काम नसायचं. सकाळच्या गाडीनं जायचे, स्टँडवर चहा प्यायचे, परतीच्या गाडीत बसायचे. जायचं कारण एकच, ती राखीव सीट. एसटीत एका सीटवर 'खासदार-आमदार' असं रंगवलेलं असतं, ते आपण कोणी वाचत नाही. काका वाचायचे. तिथं जो बसलेला असेल त्याला तो प्रश्न.

एकदा एक आजीबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. काकांनी विचारलं. आजी घाबरल्या. "न्हाई बाबा, मी टेंभुर्णीत असते."

"मंग बसा आजी, बिलकुल उठू नका," काका खूश होऊन म्हणाले.

मी म्हटलं, "काका, उठवायचं नाही तर विचारता कशाला?"

"मॅडम, बत्तीस वर्षं तिकिटं फाडली. त्या सीटवर एकदाबी खासदार बसलेला पाह्यला न्हाई. मंग ती कोणासाठी ठिवलीय, तेच शोधून राह्यलो."

त्या शोधातूनच पुढं त्यांचा कायदा जन्माला आला. शंभर पानी वहीत, सुवाच्य अक्षरात. खासदाराला दोनच फेऱ्या; म्हणजे दोनदा निवडून यायचं, मग गाडी डेपोत लावायची आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची. पेन्शन कंडक्टरएवढी. दुखलं-खुपलं तर सरकारी दवाखाना, तेही केसपेपर स्वतः काढून. प्रवास एसटीनं, आणि जागा नसेल तर उभं राहून. शेवटच्या कलमाखाली कंसात लिहिलेलं : 'म्हातारे असल्यास सूट.'

"एकदा निवडून आलं तरी जन्माची पेन्शन," ते म्हणायचे. "मला बत्तीस वर्षं घासावं लागलं. मी चिडून न्हाई बोलत मॅडम. मला फक्त हिशेब समजून घ्यायचाय."

आणि खरंच ते चिडायचे नाहीत. मी एकदा मुद्दाम खोडा घातला. "काका, दहा वर्षांत माणूस कुठं काम शिकतो, आणि तेव्हाच त्याला उतरवायचं? अनुभव वाया नाही का जाणार?"

काका दोन दिवस दिसलेच नाहीत. रविवारी सकाळी कंपाउंडवरून हाक आली. "मॅडम, तुमचा प्रश्न बराबर हाय. जुना ड्रायव्हर घाट चांगला काढतो. पण तोच घाट काढत राह्यला तर नवा शिकणार कवा?" मग म्हणाले, "अर्धंच उत्तर सापडलंय. बाकीचं शोधून राह्यलो."

मग एका सभागृहाच्या उद्घाटनाला खासदार गावात आले. तिसऱ्यांदा निवडून आलेले. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वही बगलेत मारून रांगेत उभे. मी सोबत होते, कारण हे चुकवणं मला शक्य नव्हतं. मला वाटलं, काका चारही कलमं वाचून दाखवणार. पण नंबर आल्यावर त्यांनी वही उघडलीच नाही.

"साहेब, एकच विचारायचं व्हतं. सोडून द्यावं असं कधी वाटत न्हाई का?"

आजूबाजूचे हसले. खासदारही हसले, त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी सोडायला तयार आहे हो काका, पण लोकच सोडत नाहीत!" फोटो निघाला, रांग पुढं सरकली.

येताना काका सारखे तेच घोळवत होते. "लोकं सोडत न्हाईत... असं असतं का हो खरंच? का म्हणायची पद्धत हाय?"

याचं उत्तर त्यांना महिनाभरातच मिळालं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचे काका अध्यक्ष होते. पंखे त्यांनी बसवले, सतरंज्या त्यांनी आणल्या, पोरांसाठी पुस्तकांचं कपाट त्यांनी उभं केलं. त्यांची दुसरी मुदत संपली आणि बैठकीत सगळे एका सुरात म्हणाले, "काकाच ऱ्हाऊ द्या!"

काका माझ्याकडं वळून पुटपुटले, "मॅडम, म्हणायची पद्धत न्हाई. खरंच सोडत न्हाईत." मग उठले आणि सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या संगीताच्या हातात विहाराची किल्ली ठेवली. "माझ्या दोन फेऱ्या झाल्या." टाळ्या पडल्या. मलाही फार अभिमान वाटला.

त्यानंतर काका विहारात दिसेनात. जालन्याच्या फेऱ्याही बंद झाल्या. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. मला वाटलं, तिच्याकडं गेले असतील.

एका संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले. विहारात वंदना चाललेली, स्पीकरवरून आवाज येत होता. खाली त्यांच्या मागच्या अंगणात काका पालथ्या बादलीवर बसले होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलत होते.

मी खाली गेले. "काका, इथं का? विहार पन्नास पावलांवर आहे."

"गेल्तो की एकदा. सतरंजी कुठं टाकायची हे लोकं मलाच विचारायला लागले. ती पोरगी बाजूला उभी. म्हणलं, आपण न्हाई गेलेलं बरं."

"घरी करमतं?"

"न्हाई करमत." ते अगदी सरळ बोलले. "खासदाराला मी काय विचारलं व्हतं बघा. सोडावं वाटत न्हाई का? आता कळतंय मॅडम, किती अवघड हाय. संध्याकाळी पाच वाजले की पाय आपोआप चप्पल शोधतेत. म्हणून तर कायदा पाहिजे. आपल्या मनानं कोण उतरतंय?"

मी तशीच संगीताकडं गेले. तिला सगळं सांगितलं. "अगं बाई! मला वाटलं, काका माझ्यावर नाराज हायेत. म्हणून बोलवायला धजले न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाचला ती स्वतः काकांच्या दारात आली. काकांनी परत तीच अडचण सांगितली.

"लोकं तुम्हाला इचारू द्या," संगीता म्हणाली. "मी हाय ना सांगायला. तुम्ही नुसतं बसायला या, काका. तुमच्याबिगर वंदना सुनी वाटते."

काका आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चेहरा धुतलेला होता, पण डोळ्यांचा लालपणा गेला नव्हता. विहाराच्या दारात ते थांबले आणि संगीताला आधी आत जाऊ दिलं. मग भिंतीकडंच्या पोरांमध्ये मांडी घालून बसले.

त्या दिवशी त्रिशरण म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता. पुढं बसून वंदना सांगणाऱ्या संगीतानं एकदा मागं वळून पाहिलं, आणि स्वतःचा आवाज थोडा खाली घेतला.